अ‍ॅल्युमिनियमसाठी टिग मशिन कसं लावायचं: सॉकेटपासून बॅलन्सपर्यंत

टिग वेल्डिंगने, म्हणजे टॉर्चमधल्या टंगस्टनच्या टोकावरून आर्क काढून गॅसच्या आडोशाने धातू जोडताना, स्टेनलेस स्टीलवर सुरेख बीड (वेल्डिंगची रेघ) काढणारा कारागीर अ‍ॅल्युमिनियमवर आला की अडखळतो, तेव्हा दोष बहुतेक वेळा मशिनच्या मांडणीत असतो. वितळलेल्या धातूचं डबकं काळं पडलं की पहिला हात बॅलन्सच्या, म्हणजे सफाई कमी-जास्त करणाऱ्या, बटणाकडे जातो. कारण मात्र सैल बॅक कॅप (टॉर्चच्या मागचं टोपण), तेलकट रॉड (सांध्यात वितळवायची तार) नाहीतर डोक्यावरचा पंखा, यांपैकी काहीतरी निघतं. बॅलन्सने सफाई वाढवून घाण झाकता येत नाही, फक्त टंगस्टन खराब होतं. म्हणून इथला क्रम असा ठेवला आहे: आधी वीज आणि जोडण्या, मग गॅस, मग टंगस्टन, मग रॉड आणि सफाई, आणि पॅनेलवरची बटणं सगळ्यात शेवटी. उदाहरणासाठी २०० अँपिअरचं सिंगल फेज एसी-डीसी इन्व्हर्टर मशिन, हवेने थंड होणारी डब्ल्यूपी २६ टॉर्च आणि ३ मिमी जाडीची पट्टी धरली आहे.

एसीच का लागतो

अ‍ॅल्युमिनियम सुमारे ६६० अंश सेल्सिअसला वितळतं. त्याच्या अंगावर हवेमुळे जो ऑक्साइडचा थर येतो तो मात्र २०५० अंशांच्या आसपास वितळतो. साध्या डीसीवर टॉर्च धरली तर दुधावरच्या सायीसारखा हा पापुद्रा वर तसाच राहतो आणि खाली धातूचं पाणी होतं. दोन कडा शेजारी वितळूनही एकमेकींत मिसळत नाहीत. एसीमध्ये प्रवाह सतत दिशा बदलतो. टंगस्टन निगेटिव्ह असतानाच्या भागात उष्णता जॉबमध्ये, म्हणजे जोडायच्या तुकड्यात, शिरते. टंगस्टन पॉझिटिव्ह असतानाच्या भागात ऑक्साइड फुटून उडतो, पण तेवढा वेळ बरीचशी उष्णता टंगस्टनवर येते. सफाई जास्त मागाल तर टंगस्टन तापतं, कमी मागाल तर थर राहतो. पुढचं सगळं बॅलन्सचं गणित एवढ्यावरच उभं आहे.

मशिन घेताना पाटी वाचा. बाजारात ‘टिग २००’ नावाची बरीच मशिनं फक्त डीसी असतात. त्यांच्यावर स्टेनलेस, माइल्ड स्टील आणि तांबं उत्तम होतं, अ‍ॅल्युमिनियम नाही. पाटीवर एसी-डीसी असं स्पष्ट लिहिलेलं हवं.

वीज आणि जोडण्या

२०० अँपिअरवर टिगच्या आर्कला साधारण १८ व्होल्ट लागतात, म्हणजे ३.६ किलोवॅट. मशिनची कार्यक्षमता आणि पॉवर फॅक्टर धरून हिशेब केला तर २३० व्होल्टच्या लाइनमधून २८ अँपिअरच्या आसपास ओढ येते. घरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर हे चालणार नाही. तिथे १२० अँपिअरच्या पुढे गेलात की एमसीबी पडते किंवा प्लग तापतो. पूर्ण क्षमतेसाठी ३२ अँपिअरची सी कर्व्ह एमसीबी, ४ चौरस मिमीची तांब्याची वायर आणि औद्योगिक प्लग-सॉकेट हवं. लांब एक्स्टेन्शन टाळा. जनरेटर वापरायचा तर १० केव्हीएच्या खाली उतरू नका.

ड्युटी सायकल, म्हणजे मशिन किती वेळ सलग चालू शकतं याचं प्रमाण, १० मिनिटांच्या चक्रावर मोजतात आणि ती ४० अंश तापमानासाठी दिलेली असते. पाटीवर २०० अँपिअरला ३५ टक्के असेल, तर १० पैकी साडेतीन मिनिटं सलग आर्क आणि उरलेला वेळ विश्रांती. विदर्भात मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये तापमान ४० च्या वर जातं, तेव्हा पाटीवरचा आकडा मिळेल अशी अपेक्षा धरू नका. मशिनच्या मागचा पंखा भिंतीला चिकटवू नका आणि शेजारी ग्राइंडर चालवू नका. अ‍ॅल्युमिनियमची आणि लोखंडाची धूळ आत गेली की सर्किट बोर्डावर शॉर्ट होतो.

टॉर्च मायनस सॉकेटला आणि अर्थ क्लॅम्प प्लसला. बहुतेक इन्व्हर्टर मशिनांवर एसीसाठीही हीच जोडणी राहते. उलटी जोडणी करून चुकून डीसीवर आर्क काढलीत, तर टंगस्टनचं टोक क्षणात गोळा होऊन गळतं. अर्थ क्लॅम्प टेबलाला न लावता थेट जॉबला, घासून चकचकीत केलेल्या जागी लावा. अ‍ॅनोडाइज केलेल्या सेक्शनचा, मुद्दाम चढवलेला ऑक्साइडचा थर वीज वाहू देत नाही. तो क्लॅम्पच्या जागी आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंना साधारण २० मिमी घासून काढावाच लागतो.

आर्क हाय फ्रीक्वेन्सीच्या ठिणगीने सुरू होते, टंगस्टन टेकवून नाही. त्यामुळे सीएनसीचा कंट्रोलर, लॅपटॉप, मोबाइल जवळ ठेवू नका. पेसमेकर असलेल्या माणसाने शेडमध्ये थांबू नये.

गॅस

शुद्ध आर्गन, किमान ९९.९९ टक्के, ९९.९९५ मिळत असेल तर तोच घ्या. मिग वेल्डिंगचा आर्गन-कार्बन डायऑक्साइड मिश्रणाचा सिलिंडर चुकून लागला तर टंगस्टन लगेच काळं पडून जळतं आणि डबकं राखेसारखं होतं. मिग आणि टिग दोन्ही चालणाऱ्या वर्कशॉपमध्ये सिलिंडरवर खडूने मोठं लिहून ठेवणं फायद्याचं.

रेग्युलेटर फ्लोमीटरसह हवा. काचेच्या नळीतली गोळी कुठे वाचायची हे उत्पादकाच्या सूचनेत असतं. बहुतेकांत गोळीच्या मध्यावर. टॉर्चच्या तोंडावरच्या ७ नंबरच्या कपाला, म्हणजे ११ मिमी भोकाच्या कपाला, मिनिटाला ८ ते १० लिटर पुरतात. १५ वर नेऊन जास्त संरक्षण मिळत नाही. गॅस भोवरे करतो, बाहेरची हवा आत ओढतो आणि बीडमध्ये छिद्रं पडतात. ७ घनमीटरच्या मोठ्या सिलिंडरमध्ये ७००० लिटर गॅस असतो. मिनिटाला ८ लिटरने तो साधारण साडेचौदा तास वाहतो. त्याच्या निम्म्यातच सिलिंडर संपत असेल तर गळती शोधा.

गळतीची तपासणी दोन भागांत करायची. सिलिंडर उघडा, लाइन भरू द्या, मग सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून १० मिनिटं प्रेशर गेज पाहा. काटा खाली आला तर रेग्युलेटर, नळी किंवा मशिनच्या मागच्या जोडात गळती आहे. टॉर्चचा भाग मात्र मशिनमधल्या सोलेनॉइडच्या (विजेवर उघडणाऱ्या गॅस व्हॉल्व्हच्या) पुढे असतो, तो या तपासणीत येत नाही. त्यासाठी गॅस चालू ठेवून मशिनच्या पुढच्या जोडावर, टॉर्चच्या मानेवर आणि बॅक कॅपवर साबणाचं पाणी लावा. बॅक कॅपची छोटी ओ रिंग चिरलेली असली की तिथून हवा आत जाते. टॉर्च बाहेरून नवी दिसते आणि टंगस्टन निळं-काळं होत राहतं. थोडक्या पैशांची ही रिंग अ‍ॅल्युमिनियममधल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ असते. दोन जादा रिंगा खणात ठेवा.

साधी रबरी नळी आतून ओलावा धरते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हे जाणवतं: सकाळची पहिली बीड छिद्रांची येते, नंतर ठीक होते. पीव्हीसी किंवा पॉलियुरेथेनची नळी वापरा आणि दिवसाच्या सुरुवातीला आर्क न काढता अर्धा मिनिट गॅस सोडून नळी धुऊन घ्या.

आता पंखा. छताचा, उभा, कोणताही पंखा वेल्डिंगच्या जागेवर वारा आणत असेल तर बंद करा, नाहीतर आडोसा लावा. पण बंद खोलीत किंवा खड्ड्यात काम असेल तर हवा खेळती ठेवा. आर्गन हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो आणि कोणताही वास न येता माणूस गुदमरतो.

टंगस्टन आणि टॉर्च

इन्व्हर्टर मशिनला निळ्या टोकाचं २ टक्के लँथेनमचं किंवा सोनेरी टोकाचं दीड टक्क्याचं टंगस्टन घ्या. हिरवं, म्हणजे शुद्ध टंगस्टन, जुन्या ट्रान्सफॉर्मर मशिनांसाठी होतं. इन्व्हर्टरवर त्याचा गोळा मोठा होतो आणि आर्क भटकते. लाल टोकाचं थोरियमवालं एसीवर फारसं चांगलं चालत नाही, शिवाय थोरियम किरणोत्सारी आहे आणि घासताना उडणारी धूळ श्वासातून आत जाते.

जाडी प्रवाहावरून ठरवा: १०० अँपिअरपर्यंत १.६ मिमी, १७० पर्यंत २.४ मिमी, त्यापुढे ३.२ मिमी. आपल्या ३ मिमीच्या पट्टीला २.४ बरोबर आहे.

घासायला वेगळं चाक ठेवा, ज्यावर दुसरं काहीच घासलेलं नाही. रेघा टंगस्टनच्या लांबीच्या दिशेने याव्यात. आडव्या रेघांवरून आर्क वाकडी निघते. निमुळता भाग जाडीच्या दुप्पट ठेवा आणि सुईसारखं टोक अर्धा मिमीभर चपटं करा. तीक्ष्ण टोक एसीवर टिकत नाही, त्याचा कण तुटून डबक्यात पडतो. वेल्डिंगनंतर टोकावर छोटा, चकचकीत घुमट यावा. टंगस्टनच्या जाडीपेक्षा मोठा गोळा आला तर बॅलन्सवरची सफाई किंवा अँपिअर जास्त आहेत.

टॉर्चमध्ये टंगस्टन पकडणारे कोलेट आणि कोलेट बॉडी त्याच्याच मापाचे हवेत. टंगस्टन कपाच्या बाहेर ५ ते ६ मिमी ठेवा. आतल्या कोपऱ्यात पोचायला जास्त काढावं लागत असेल तर गॅस लेन्स बसवा. त्याने गॅस सरळ रेषेत वाहतो आणि १० मिमीपर्यंत टंगस्टन बाहेर काढता येतं.

रॉड कोणता

धातू ओळखल्याशिवाय रॉड निवडू नका. बाजारात ‘एचई ९’ म्हणून मिळतं ते ६०६३ (हा मिश्रधातूचा नंबर), आणि ‘एचई ३०’ म्हणजे ६०८२. खिडक्यांचे, फर्निचरचे बहुतेक सेक्शन ६०६३ चे असतात. या दोन्हींना, ६०६१ ला आणि सिलिकॉनच्या ओतीव भागांना ईआर ४०४३ चालतो. त्यात ५ टक्के सिलिकॉन असतं, तो सहज वाहतो आणि तडे कमी जातात. ५०५२ आणि ५०८३ ला ईआर ५३५६ घ्या, ज्यात ५ टक्के मॅग्नेशियम असतं. ५०८३ ला ४०४३ वापरला तर सांधा ठिसूळ होतो. नंतर अ‍ॅनोडाइज करायचं असेल तर ६०६३ लाही ५३५६ घ्या, कारण ४०४३ ची बीड अ‍ॅनोडायझिंगमध्ये गडद करडी होते. उलट भाग सतत ६५ अंशांच्या वर तापणार असेल, इंजिनाजवळचा असेल, तर ५३५६ नको.

६००० मालिकेच्या धातूला रॉडशिवाय वितळवून जोडायचा मोह टाळा. बीडच्या मधोमध उभा तडा जातो. ७०७५ आणि २०२४ हे भंगारात मिळणारे मजबूत तुकडे टिगने जोडायच्या लायकीचे नाहीत, बीड छान दिसली तरी शेजारी तडा जातो. आणि ६०६१-टी६ सारख्या कठीण केलेल्या धातूची ताकद वेल्डिंगच्या शेजारी जवळजवळ निम्म्यावर येते. शिडी, वाहनाचा चासी, माणसाचं वजन घेणारी चौकट बनवताना सांधा कुठे ठेवायचा, याचा विचार आराखड्यातच करावा लागतो.

३ मिमीच्या पट्टीला २.४ मिमीचा रॉड घ्या.

सफाई

क्रम महत्त्वाचा: आधी तेल, मग ऑक्साइड. स्वच्छ पांढऱ्या कापडावर अ‍ॅसिटोन घेऊन पुसा, कापड काळं येणं थांबेपर्यंत. ते पूर्ण वाळलं की स्टेनलेसच्या तारांच्या ब्रशने एकाच दिशेने, हलक्या हाताने घासा. आधी ब्रश मारला तर तेल धातूत रगडलं जातं आणि ब्रशही कायमचा तेलकट होतो. ब्रशवर ‘फक्त अ‍ॅल्युमिनियम’ लिहून ठेवा. एकदा तो लोखंडावर फिरला की त्याचं काम संपलं. कडा साध्या ग्राइंडिंग व्हीलने घासू नका, चाकातली राळ आणि कण मऊ धातूत रुततात. कानस, कार्बाइड बर किंवा अ‍ॅल्युमिनियमसाठीची फ्लॅप डिस्क वापरा. क्लोरीनयुक्त क्लीनर कधीही नाही: आर्कच्या प्रकाशात त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू बनतो. अ‍ॅसिटोनची बाटली बंद करून आर्कपासून दूर ठेवा.

रॉडही पुसा. रॉड स्वच्छ असणं पट्टी स्वच्छ असण्याइतकंच गरजेचं आहे, आणि नेमकं तेच राहून जातं. रॉड धरणारा हातमोजाही स्वच्छ हवा.

बट, म्हणजे कडेला कड लावलेल्या, सांध्याच्या खालच्या दोन्ही कडा कानशीने अर्धा मिमी मोडून घ्या. तिथल्या ऑक्साइडपर्यंत आर्कची सफाई पोचत नाही. न मोडलेल्या कडा मागून पाहिल्या तर मधोमध बारीक रेघ राहिलेली दिसते. ती रेघच पुढे तड्याची सुरुवात ठरते. सफाईनंतर त्याच दिवशी, शक्यतो काही तासांत वेल्डिंग करा.

पॅनेलवरची बटणं

मोड एसी, लहर चौकोनी, पल्स (प्रवाह ठोक्याठोक्याने देणं) बंद. पल्सचा विचार हात बसल्यावर.

अँपिअर: पातळ धातूला दर मिमीला ४० हा ढोबळ हिशेब. ३ मिमीला १२० ते १३०. पेडल असेल तर १४० लावून पायाने कमी-जास्त करा. अ‍ॅल्युमिनियमला पेडल खरोखर हवं, कारण उष्णता भराभर पसरते: पट्टी थंड असताना पूर्ण प्रवाह लागतो आणि शेवटच्या २ सेंटीमीटरला त्याच्या दोन तृतीयांशात भागतं. पेडल नसेल तर ४टी (टॉर्चचं बटण दाबून-सोडून टप्पे बदलण्याची पद्धत) लावा: सुरुवातीचा प्रवाह ४० अँपिअर, अपस्लोप (प्रवाह चढण्याचा वेळ) अर्धा सेकंद, डाउनस्लोप (उतरण्याचा वेळ) ३ ते ४ सेकंद, शेवटचा प्रवाह २५ अँपिअर.

बॅलन्स ७० टक्के निगेटिव्हवर. इथे मशिनागणिक गोंधळ आहे. काही मशिनं निगेटिव्हचा टक्का दाखवतात, काही सफाईचा, म्हणजे त्यांच्यावर हेच सेटिंग ३० दिसतं, आणि काहींवर उणे ५ ते अधिक ५ अशी पट्टी असते. पुस्तिका नसेल तर भंगाराच्या तुकड्यावर १०० अँपिअरने बटण एका टोकाकडे नेऊन पाहा. डबक्याभोवती पांढरा पट्टा रुंद झाला आणि टंगस्टन गोळा होऊ लागलं, तर ते सफाईचं टोक.

फ्रीक्वेन्सी १०० हर्ट्झ. ती वाढवली की आर्क बारीक आणि टोकदार होते, पातळ पत्र्याला आणि आतल्या कोपऱ्याला १२० ते १५० बरी. जाड ओतीव भागाला ६० ते ८० ची पसरट आर्क सोयीची. प्रीफ्लो (आर्कआधी वाहणारा गॅस) अर्धा सेकंद. पोस्टफ्लो (आर्कनंतर वाहणारा गॅस) दर १० अँपिअरला १ सेकंद, म्हणजे इथे १२ ते १३ सेकंद. तोवर टॉर्च जागेवरून हलवू नका.

भंगारावर चाचणी

त्याच जाडीचा साफ केलेला तुकडा घ्या, रॉड न लावता टॉर्च एका जागी धरा. आर्कची लांबी टंगस्टनच्या जाडीएवढी. साधारण ३ ते ५ सेकंदांत आरशासारखं चकचकीत डबकं यायला हवं आणि त्याभोवती १ ते २ मिमीचा पांढुरका पट्टा. डबकं यायला १० सेकंद लागले तर अँपिअर वाढवा. रेंगाळत तापवलं की सगळी पट्टीच मऊ होते आणि अचानक खाली पडते. डबक्यावर काळे ठिपके तरंगत असतील तर आधी सफाई पुन्हा करा, गॅस तपासा, मगच बॅलन्स ६५ वर आणा. टंगस्टन गोळा होत असेल तर ७५ कडे जा. एका वेळी एकच बटण हलवा.

मग रॉडसह एक बीड. टॉर्च उभ्यापासून १० ते १५ अंश मागे झुकलेली, चाल पुढे ढकलत. रॉड पट्टीशी १५ ते २० अंशांत, त्याचं टोक डबक्याच्या पुढच्या काठाला टेकवून मागे घ्या, पण गॅसच्या छायेबाहेर काढू नका. बाहेर गेलेलं तापलेलं टोक ऑक्साइड धरतं आणि तो पुढच्या थेंबाबरोबर आत जातो. शेवटी प्रवाह हळूहळू उतरवत एक-दोन थेंब जादा टाका. एकदम थांबलात तर खड्डा राहतो आणि त्यात चांदणीसारखा तडा जातो.

हेल्मेटची काच ११ किंवा १२ नंबरची. अ‍ॅल्युमिनियमवरून अतिनील किरणं जोरात परावर्तित होतात. गळ्याची बटणं लावा, बाह्या खाली ठेवा.

जाडी बदलली की

१.५ मिमीला ६० ते ७० अँपिअर, १.६ चं टंगस्टन आणि १.६ चा रॉड. मागे तांब्याची पट्टी दाबून धरा म्हणजे उष्णता ओढली जाते. ५ मिमीला १८० ते २००, ३.२ चं टंगस्टन आणि कडांना उतार. त्यापुढे २०० अँपिअरचं मशिन अपुरं पडतं. ६००० मालिकेची पट्टी किंवा ओतीव भाग असेल तर १०० ते १२० अंशांपर्यंत आधी तापवून वेळ निभावता येते. तापमान दाखवणाऱ्या खास खडूने मोजा, धातूच्या रंगावरून नाही. अ‍ॅल्युमिनियम वितळण्याआधी लाल होत नाही. ५०८३ ला असं तापवून ठेवू नका, त्याची गंजरोधक क्षमता बिघडते.

दिसतं ते आणि कारण

टंगस्टन थंड झाल्यावर निळं-जांभळं किंवा काळं: पोस्टफ्लो कमी किंवा बॅक कॅपमधून हवा. स्वच्छ टंगस्टन चांदीसारखं राहतं.

बीडच्या बाजूला काजळी: आर्क लांब, टॉर्च जास्त तिरकी, किंवा गॅस कमी. ५३५६ ला थोडी काजळी येतेच, ती कापडाने पुसली जाते. खालची बीड चकचकीत असेल तर चिंता नको.

टाचणीएवढी छिद्रं: ओलावा किंवा तेल. थंड गोदामातून आणलेली पट्टी दमट शेडमध्ये ओली होते, तिला शेडच्या तापमानाला येऊ द्या.

आर्क एका बाजूला पळते: टंगस्टनवर आडव्या रेघा, किंवा त्याचं टोक रॉडला लागून अ‍ॅल्युमिनियम चिकटलेलं. तसंच पुढे रेटू नका; टोक कापून नव्याने घासा.

ठिणगी उडते पण आर्क धरत नाही: अर्थ क्लॅम्पखालचा ऑक्साइड, कोलेट सैल, किंवा पॅनेलवर टंगस्टनचा व्यास चुकीचा निवडलेला. ठिणगीच उडत नसेल तर टॉर्चच्या स्विचची तार आणि मशिनच्या आतला स्पार्क गॅप यांकडे बघा. दुसरं काम तंत्रज्ञाचं आहे, मशिन बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक व्होल्टेज काही काळ राहतं.